पद्माकरचा एकतीस रकान्यांचा लॅपटॉप

पद्माकर लिमये वाईट माणूस आहे असं त्याचा शत्रूही म्हणाला नसता, आणि मुळात त्याला शत्रू नव्हताच. दारू नाही, सिगरेट नाही, आवाज चढवणं नाही. बायकोचा वाढदिवस लक्षात ठेवणारा, रविवारी स्वतः पोहे करणारा असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं न्युरेम्बर्गच्या मराठी मंडळातल्या बायका नीताला सांगत. नीता हसून मान हलवायची. त्या बायकांनी पद्माकरला एखादी वस्तू निवडताना कधी पाहिलं नव्हतं.

घरात पडदे लागायला चौदा महिने गेले होते. समोरच्या इमारतीला लिमयांचं जेवणाचं ताट दिसत होतं, पण कोणतं कापड उन्हात विटत नाही याचा निकाल लागत नव्हता. मिक्सर घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांची मुलगी स्पृहा रांगत होती. मिक्सर आला तेव्हा तिनेच धावत जाऊन दार उघडलं. 'अति शहाणा त्याचा बैल रिकामा' ही म्हण नीताने शाळेत पाठ केली होती. आपलं लग्नच तिच्याशी लागलंय हे मात्र तिला बरंच उशिरा कळलं.

याचं मूळ सांगलीत होतं. पद्माकरच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि शाळेतून आलं की पोरगा तिथेच बसायचा. त्या दुकानात येणारी प्रत्येक वस्तू बिघडलेलीच असायची. चांगली चालणारी वस्तू त्याने लहानपणी फारशी पाहिलीच नाही म्हणा ना. त्यामुळे प्रत्येक वस्तूच्या पोटात कुठेतरी खोट असते आणि घेणाऱ्याने ती आधी शोधायची असते, ही त्याची श्रद्धा होऊन बसली. पुढे तो इंजिनियर झाला, चौऱ्याण्णव साली न्युरेम्बर्गला नोकरीवर आला, पण श्रद्धा तीच राहिली.

आणि अशा माणसाला लिनक्सचं वेड लागावं! लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी यंत्रणा, पण कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही; जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, सगळ्यांना खुली. विचार थोर. अडचण इतकीच की त्या काळात बाजारातले लॅपटॉप विंडोज डोळ्यापुढे ठेवून बनायचे. त्यावर लिनक्स घातलं की आतला एखादा भाग रुसून बसायचा. कुणाचं वायफाय चालत नसे, कुणाचा आवाज बंद. म्हणजे लिनक्सला मानवेल असा लॅपटॉप निवडताना खोट शोधावीच लागे. पद्माकरला आयुष्यभर ज्याची वाट होती ते काम हेच.

दोन हजार सहाच्या जुलैमध्ये नीताला एक पत्र आलं. तिने ते चार वेळा वाचलं आणि मग स्वयंपाकघरात उभी राहून एकटीच रडली. लग्नाआधी ती पुण्यात तीन वर्षं प्रोग्रामर होती. जर्मनीत आल्यावर सुरुवातीला तिला कामाची परवानगी नव्हती, मग स्पृहा झाली, मग भाषा शिकण्यात वर्षं गेली, आणि परवानगी मिळाली तेव्हा तिला विचारणारं कुणी उरलं नव्हतं. बारा वर्षं. आता शेजारच्या फ्युर्थ गावातल्या एका छोट्या फर्मने तिला बोलावलं होतं. पाच माणसांची फर्म, वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी. चार ऑक्टोबर, बुधवारपासून सुरुवात, आठवड्याला वीस तास, बरंचसं घरून. अट एकच होती. सगळं काम लिनक्सवर चालतं, तेव्हा लिनक्स चालणारा स्वतःचा लॅपटॉप आणावा.

पद्माकरला तिच्यापेक्षा जास्त आनंद झाला. तो खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "लॅपटॉपचं तू डोक्यातून काढून टाक. ते माझ्यावर सोड."

नीताने सोडलं. चूक झाली ती तिथे.

पहिले तीन आठवडे तक्ता बनवण्यात गेले. उभे लॅपटॉप, आडवे गुण. वायफायची चिप, ग्राफिक्स कार्ड, पंख्याचा आवाज, स्क्रीन चकचकीत की मॅट, बॅटरी, बिजागरी. असे तीस रकाने. हिरवा म्हणजे चालतं, पिवळा म्हणजे खटपट केली तर चालतं, लाल म्हणजे नाव काढू नका. तक्ता छापून तो फ्रीजवर लागला आणि दर दोन दिवसांनी नवा लागायचा. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलेलं असायचं, 'माझ्या लॅपटॉपवर लिनक्स उत्तम चालतं, फक्त वायफाय, आवाज आणि प्रिंटर सोडून.' पद्माकर ते मोठ्याने वाचून दाखवायचा. मग उरलं काय, असं नीता विचारायची, आणि तो गंभीरपणे उरलेल्या गोष्टींची नावं सांगायचा.

ऑगस्टमध्ये ती त्याला ओढून गावातल्या एका मोठ्या दुकानात घेऊन गेली. समोर मांडलेला एखादा लॅपटॉप उचलायचा आणि पैसे देऊन घरी यायचं, एवढी साधी तिची अपेक्षा. पद्माकरने शर्टाच्या खिशातून सीडी काढली. ती घातली की कॉम्प्युटरवर काही न बसवता लिनक्स चालू होई. त्याने दुकानातले मांडलेले लॅपटॉप एकेक करून बंद केले, सीडी घातली आणि पुन्हा चालू केले. पाच मिनिटांत चार लॅपटॉपच्या काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या. गिऱ्हाइकं मागे सरकली. दुकानातला विक्रेता धावत आला. हे काय चाललंय, असं त्याने विचारलं.

"आल्झो, म्हणजे, मी फक्त तपासतोय," पद्माकर शांतपणे म्हणाला. "यातल्या तिघांचं वायफाय मार खातंय. तुम्हाला माहीत होतं का?"

नीता फ्रीजच्या विभागात जाऊन उभी राहिली आणि एका फ्रीजचं दार उघडून आत बघत बसली. पाठीमागून पद्माकरची आणि दुकानाच्या मॅनेजरची बोलणी तिला ऐकू येत होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला अगदी मनापासून वाटलं. दुकानातून परत येताना पद्माकर खुशीत होता, कारण तक्त्यातले तीन लाल चौकोन पक्के झाले होते.

मग त्याने घरी मागवायला सुरुवात केली. जर्मनीत घरपोच मागवलेली वस्तू दोन आठवड्यांच्या आत कारण न सांगता परत करता येते. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर पद्माकर नसणार, नाहीतर त्यांनी दोनदा विचार केला असता. पहिला लॅपटॉप ऑगस्टअखेर आला. इंटरनेटवर ज्याची सगळ्यांनी स्तुती केली होती तोच. पण कंपनीने मधल्या काळात नाव तेच ठेवून आतली वायफायची चिप बदलली होती. परत. दुसरा सप्टेंबरच्या मध्यावर आला. त्याचं वायफाय चाललं, आवाज चालला, पण झाकण मिटलं की तो जो झोपायचा तो उठायचा नाही.

"मग मी झाकण मिटणार नाही," नीता म्हणाली.

"असं कसं? झोपलेला लॅपटॉप उठायला नको?"

"अहो, मी उघडाच ठेवीन ना त्याला. वरून रुमाल घालीन."

"गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणजे तूच कबूल करतेस की खोट आहे," पद्माकर म्हणाला आणि खोका काढायला खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, गेला.

तेव्हा त्याची आई, यमुनाबाई, सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेल्या होत्या. सोफ्यावर बसून त्या वाती वळत होत्या. त्या नीताला म्हणाल्या, "ह्याचे वडीलही असेच खोट काढत बसायचे. पण गिऱ्हाइकाला दिलेली तारीख त्यांनी कधी चुकवली नाही हो. हा अर्धंच शिकला."

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण इथे विघ्नं शोधून आणली जात होती, त्यांना रंग दिले जात होते आणि फ्रीजवर लावलं जात होतं. त्याच आठवड्यात फर्मच्या मालकीणबाईंचा, फ्राउ ब्रेंडलचा, फोन आला. नीताच्या आधी ते काम करणारा माणूस चार तारखेला शेवटचा येणार होता. दिवसभरात तो सगळं समजावून देणार आणि जाणार. त्या दिवशी नीताजवळ लॅपटॉप नसेल तर मग दुसऱ्या उमेदवाराला बोलवावं लागेल, तो तयार आहे, असं बाई सरळ म्हणाल्या. लॅपटॉप आहे ना?

"या, या," म्हणजे हो, हो, असं नीता जर्मनमध्ये म्हणाली. साफ खोटं होतं ते.

तिने हे पद्माकरला शब्दन् शब्द सांगितलं. त्याने लक्षपूर्वक ऐकलं, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी फ्रीजवर नवा तक्ता लागला. त्यात एक रकाना वाढला होता. नीताने आशेने वाचला. 'झोपेतून उठायला लागणारे सेकंद.' एकतीस रकाने झाले आणि एकाही रकान्यात चार ऑक्टोबर नव्हता. तिने दूध काढायला फ्रीजचं दार उघडलं आणि ते इतक्या जोरात आपटलं की चुंबक खाली पडले. स्पृहा गृहपाठातून मान वर करून म्हणाली, "आई, डास इस्ट डोख एगाल." काय फरक पडतो त्याने, असं. दहा वर्षांच्या पोरीला फरक पडत नाही हे खरंच, पण त्या दिवशी नीताने तिलाही झापलं आणि नंतर तिला वाईट वाटलं.

तिसरा लॅपटॉप सव्वीस सप्टेंबरला आला. पद्माकरने लिनक्स चढवलं. वायफाय चाललं. आवाज आला. झाकण मिटलं, उघडलं, चार सेकंदांत तो जागा झाला. नीताने त्यावर स्वतःचं नाव घातलं, स्वतःचा पासवर्ड घातला. सलग तीन दिवस सकाळी स्पृहा शाळेला आणि पद्माकर ऑफिसला गेला की ती त्यावर बसली आणि पुस्तकातली उदाहरणं एकामागून एक करत गेली. पहिल्या दिवशी बोटं अडखळत होती. तिसऱ्या दिवशी एक मोठा प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालला तेव्हा ती एवढ्या मोठ्याने "चाललं!" म्हणाली की देवाजवळ बसलेल्या यमुनाबाई दचकून बाहेर आल्या. "काय चाललं ग?" त्यांनी विचारलं. नीताने त्यांना स्क्रीन दाखवली. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण सुनेचा चेहरा कळला.

शनिवारी संध्याकाळी पद्माकर लॅपटॉप घेऊन बसला. तासाभराने त्याने चष्मा काढला. चष्मा काढण्याचा अर्थ नीताला ठाऊक होता.

"स्क्रीनचा उजेड कमीजास्त करायची बटणं चालत नाहीत," तो म्हणाला. "मी सगळं करून पाहिलं. आणि नोव्हेंबरमध्ये ह्याचंच नवीन मॉडेल येतंय, त्यात ते सुधारलेलं असणार."

"मला बुधवारी पाहिजे. नोव्हेंबरात नको."

"हो, पण आता तडजोड कशाला करायची? बुधवारचं बघू ना. खालचा डेस्कटॉप आहे की. मी गाडीत घालून सोडतो तुला. मॉनिटर मागच्या सीटवर मावतो, मी मोजलंय."

नोकरीच्या पहिल्या दिवशी, बारा वर्षांनी, पाच अनोळखी जर्मन माणसांसमोर आपण गाडीतून डेस्कटॉप उतरवतोय, नवरा मागून मॉनिटर आणतोय, हे चित्र नीताच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. पद्माकरने वायर जशी आली होती तशाच घड्यांत घातली, पिशवीला जुनीच चिकटपट्टी लावली आणि खोका बंद केला. या बाबतीत तो अतिशय प्रामाणिक होता. परत जाणाऱ्या वस्तूवर बोटाचा ठसाही राहू द्यायचा नाही. सोमवारी त्याला सुट्टी होती, तेव्हा खोका पोस्टात टाकतो म्हणाला.

रविवारी खंडेनवमी होती. यमुनाबाईंनी सकाळीच अंघोळ करून दिवाणखान्यात पाट मांडला आणि घरातली हत्यारं गोळा केली. पाव कापायची सुरी, कात्री, पद्माकरचं ड्रिल मशीन, स्क्रूड्रायव्हरचा संच, स्पृहाची कंपासपेटी. पद्माकर बाथरूममध्ये होता. नीता फुलं घेऊन आली आणि पाटाकडे बघत उभी राहिली. ड्रिलला हळद लागली होती. सुरीवर फूल होतं. या घरातल्या प्रत्येकाचं काहीतरी त्या पाटावर होतं. नीताची त्यात सुरी होती.

फुलं खाली ठेवून ती आत गेली आणि खोका घेऊन आली. कात्री पूजेतली होती म्हणून तिने चिकटपट्टी दातांनी फाडली.

"अगं, हा परत जायचाय ना?" यमुनाबाई म्हणाल्या.

"आई, हे माझं हत्यार आहे. याची पूजा करा."

यमुनाबाईंनी बाथरूमच्या दाराकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. आणि कुंकवाची कोयरी त्यांनी स्वतःच्या हातात न ठेवता तिच्या हातात दिली. नीताने कुंकू पाण्यात चांगलं सरसरीत कालवलं. झाकणावर मधोमध वीतभर स्वस्तिक काढलं. चार ठिपके दिले. हळद लावली. मग झाकण उघडून आतही एक बोट ओढलं आणि मूठभर अक्षता अशा वाहिल्या की निम्म्या बटणांच्या फटींत गेल्या. आयुष्यात तिने इतक्या मनापासून पूजा केली नव्हती.

पद्माकर टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला आणि जागच्या जागी थांबला.

"हे काय केलंस?" त्याचा आवाज चढला. लग्नानंतर पहिल्यांदाच. "अगं, हा आता परत कसा जाणार? जर्मनांना स्वस्तिक काढलेलं कसं पाठवू मी?"

"नाही पाठवायचा."

"पण उजेडाची बटणं—"

"कमी वाटला तर खिडकीशी बसेन. जास्त वाटला तर पडदा ओढेन. चौदा महिने लावून घेतलेत ना आपण पडदे?"

त्याने चष्म्याचं फडकं आणून झाकण पुसायला हात पुढे केला. यमुनाबाईंनी त्याचा हात धरला. "पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नसतं," त्या म्हणाल्या. "तुझे वडील चिमटासुद्धा उचलत नसत." मग पद्माकर नुसता बसून राहिला. फटींतल्या अक्षतांकडे तो ज्या नजरेने बघत होता ती पाहून नीताला एक क्षण दया आली. पण एकच क्षण. दसऱ्याला तो अर्धा दिवस चिमट्याने अक्षता काढत बसला आणि कुंकू पुसून पुसून झाकणावर गुलाबी ढग तेवढा उरला. खोका त्याने स्वतःच घडी घालून कागदाच्या रद्दीत टाकला. लबाडी करून तो लॅपटॉप परत पाठवणं त्याच्या रक्तात नव्हतं.

बुधवारी नीता लॅपटॉप पाठीवर टाकून यू-बानने, म्हणजे मेट्रोने, फ्युर्थला गेली. फर्म म्हणजे दोन खोल्या आणि एक कॉफीचं मशीन. काम सोडून जाणारा गृहस्थ वायरीने जोडलेला एक लॅपटॉप घेऊन बसला होता. वायफाय चार वर्षांत कधी चाललं नाही, असं त्याने हसत सांगितलं. फ्राउ ब्रेंडलचं मशीन झोपलं की उठत नसे, म्हणून त्या ते झोपवतच नसत. आणखी एकाच्या लॅपटॉपची स्क्रीन पुस्तकांच्या थप्पीला टेकवून उभी होती, बिजागरी तुटली होती म्हणून. या लोकांची सॉफ्टवेअरं अर्ध्या बायर्न प्रांतातल्या वाचनालयांत चालत होती. नीताने आपला लॅपटॉप उघडला, तो चालू झाला आणि कुणी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. आठ वाजता बसली ती साडेचारला उठली. सहा पानं टिपणं झाली होती आणि डोकं भणभणत होतं. घरी येताना गाडीत तिला दोनदा हसू आलं.

पद्माकर त्या दिवशी ऑफिसातून लवकर आला होता. त्याने चहा करून ठेवला होता. ती बूट काढते न काढते तोच त्याने विचारलं, "चालू झाला?"

"झाला."

"पटकन? सगळ्यांसमोर?"

"अहो, झाला. कुणी बघितलंसुद्धा नाही."

तो खाली बसला. कप हातात धरून म्हणाला, "माझं मशीन चालू नव्हतं झालं. इथे आलो त्या पहिल्या आठवड्यात. डिपार्टमेंटची वीस माणसं समोर, आणि स्क्रीन काळी. मी वाकून वायरी बघत होतो आणि मागे कुणीतरी हसलं. सगळे हसले मग. तुला मी कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, तुला कुणी हसायला नको."

नीताने त्याच्याकडे पाहिलं. तीन महिन्यांचा सगळा राग तिच्याजवळ होता, आणि हे ऐकून तो जायला हवा होता, पण गेला नाही.

"हसले असते तर हसले असते," ती म्हणाली. "बारा वर्षं मला हसायलासुद्धा कुणी नव्हतं."

पद्माकरने कप खाली ठेवला. नीताचं उद्याचं काम बाकी होतं. तिने पिशवीतून टिपणं काढली, लॅपटॉप उघडला आणि वाचायला बसली.